आईचं अर्धं कुमसार

१९ मार्च, गेल्या वर्षीचा. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेआधी, इथे कन्नड मुलखात, राजाजीनगरमधल्या आमच्या चर्चच्या बाजूची लहान खोली. हजर: आई, फादर आणि मी. गैरहजर: माझा नवरा, कारण त्याला ऑफिस होतं. पप्पाही गैरहजर. त्यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि ही सगळी धावपळ त्यांच्यासाठीच होती.

१९ मार्च हा सुतार संताचा दिवस. मरियेचा नवरा, येशूला वाढवणारा बाप. वसईतलं आमच्या गावचं चर्च त्याच्या नावाचं, आणि योगायोगाने इथलं घराजवळचंही. पप्पांच्या पाठीमागे आईला एकटं ठेवायचं नाही असं मी ठरवलं तेव्हा ती इथे यायला तयार नव्हती. चर्च कोणाचं ते सांगितल्यावर म्हणाली, "आपला सुतार आहे तिथे? मग बघू."

या संताला मरण आलं ते एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला मरिया, अशी आमच्यात श्रद्धा आहे. म्हणून चांगलं मरण मागायचं ते त्याच्याकडे. आईने ते रोज संध्याकाळी मागितलं, स्वतःसाठी आणि पप्पांसाठी. पप्पा गेले भाजीच्या बाजारात, उभ्याउभ्या, फादर पोचायच्या आत. फादरपाशी पापं सांगायचं कुमसार नाही, कपाळाला लावायचं तेल नाही, शेवटची कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून जिभेवर घ्यायची भाकर, तीही नाही. आई संतावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी त्याच्याकडे गर्दी असेल."

पण पप्पांचं पुढे काय, ही काळजी तिला लागून राहिली. चर्चच्या संताच्या सणादिवशी तिथे जाऊन, ठरलेले नियम पाळून प्रार्थना केली तर पूर्ण दंडमाफी मिळते आणि ती आपल्या मेलेल्या माणसाच्या नावे देता येते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या नवऱ्याला मात्र ते कधीच नीट समजलं नव्हतं. तो एका रात्री जेवताना म्हणाला, "माफी तर कुमसारातच मिळते ना आई? मग ही वेगळी माफी कसली? बँकेसारखं व्याज वेगळं?"

आई म्हणाली, "तुमच्या शर्टावर परवा वरणाची हळद सांडली. साबणाने धुतली. वरण गेलं, वास गेला. पिवळा डाग गेला का?"

"नाही."

"तो उन्हात घातल्यावर गेला. कुमसार म्हणजे साबण. मेल्यावर माणूस देवाकडे जायच्या आधी उन्हात पडतो, डाग जाईपर्यंत. दंडमाफी म्हणजे देव म्हणतो, पुरे झालं, उचला तो शर्ट."

"मग माझ्या नावेही एक काढून ठेवा."

"जिवंत माणसाला दुसऱ्याने मिळवून देता येत नाही. तुम्ही आधी वर जा, मग बघते."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्या वेळी फोनवर नियम शोधत होते. चर्चला भेट. प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धेची कबुली. कम्युनियन. पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना. लहानातल्या लहान पापाचीही ओढ मनात नको. आणि त्या आसपासच्या दिवसांत केलेलं कुमसार. ओढ सोडली तर बाकी सगळं वेळापत्रकात बसण्यासारखं होतं. ऑफिसात मी हेच करते, लोकांच्या कामांना दिवस आणि माणसं नेमून देते.

अडचण कुमसाराची होती. आमच्या चर्चमध्ये मिस्सा कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत. आईला यातलं काही येत नाही. दुकानात 'स्वल्प', 'साकु', 'सरी', म्हणजे थोडं, पुरे, बरं, एवढ्यावर तिचं भागतं, पण पापं काही 'स्वल्प' म्हणून सांगता येत नाहीत. फादर मंगळूरकडचे. ते तिच्याशी कोकणीत बोलून बघत. तिला अर्धं कळे आणि तिचं त्यांना त्याहून कमी.

ती इथे आल्यावर लगेच मी यावर एक उपाय काढला होता. एका जाड कागदावर इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून दिली. मी खोटं बोलले. मला राग आला. मी प्रार्थना चुकवली. मी दुसऱ्याबद्दल वाईट बोलले. दर महिन्याला आई फादर बसतात त्या जाळीपाशी गुडघे टेकून ती वाक्यं वाचायची, फादर तीच प्रार्थना प्रायश्चित्त म्हणून द्यायचे, ती परत यायची. व्यवस्था उत्तम चालली आहे असं मला वाटत होतं.

सण जवळ आल्यावर तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "हा या वेळी नको."

"का? काही वाढवायचंय का? लिहून देते."

"मध्ये एका महिन्यात मी खोटं बोललेच नव्हते. कागदावर होतं म्हणून बोलले असं सांगितलं. म्हणजे कुमसारातच खोटं बोलले. ते पुढच्या महिन्यात सांगितलं, तर फादरला वाटलं नेहमीचंच."

मी हसले, तीही हसली. मग म्हणाली, "या वेळी खरं करायचंय. त्यांच्यासाठी आहे."

मी फादरना जाऊन भेटले. त्यांनी दोन मार्ग सांगितले. शहरातल्या एका गुरुकुलात, जिथे पाद्री व्हायला मुलं येतात, मराठी जाणणारे एक वयस्कर फादर शिकवतात. त्यांची वेळ घेऊन आईला तिकडे न्यायचं. नाहीतर दुभाषी चालतो. चर्चचा कायदा तशी मुभा देतो. मात्र दुभाष्यालाही फादरांइतकंच मौनाचं बंधन. ऐकलेलं कुठे बोलायचं नाही.

गुरुकुल शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या आठवड्यात मला सुट्टी नव्हती. दुभाषी घरातच होती. मी आईला विचारलंही नाही, ठरलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तू?"

"कायद्यात बसतं आई. मी विचारून आले."

"बसत असेल," ती म्हणाली.

त्या सकाळी खोलीत तीन खुर्च्या होत्या. फादरांनी मला मौनाची आठवण करून दिली. मी फोन बंद केला. आत काय बोललं गेलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. स्वतःबद्दल तेवढं सांगते. मी चांगला अनुवाद केला. फार चांगला. लोकांची लांबलेली वाक्यं आटोपशीर करून पुढे देणं हा माझा रोजचा उद्योग, आणि तोच मी तिथे केला. फादरांनी हात वर करून मला थांबवलं. "त्यांचं पुरं होऊ दे," ते इंग्रजीत म्हणाले. मी हो म्हटलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच करू लागले. शेवटी त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून पापक्षमा दिली. आम्ही मिस्सेला गेलो, ती कम्युनियन घेऊन आली, पोपसाहेबांसाठी प्रार्थना झाली. सुताराच्या पुतळ्याला लिलीचे हार होते. आवारात द्रोणांतून चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात, वाटत होते. आईने तिचा द्रोण न खाता माझ्या हातात दिला.

रिक्षावाल्याने तिला हात देऊन बसवलं. "निधान, अज्जी, निधान," तो म्हणाला. हळूच बसा असं म्हणतो हे तिला कळलं, ती "सरी, सरी" म्हणाली. रिक्षा निघाल्यावर मी विचारलं, "झालं ना सगळं मनासारखं?"

"कुठे झालं."

"म्हणजे? काय राहिलं?"

"अर्धं राहिलं. तुझ्यासमोर कसं सांगणार? तुझंच होतं ते."

"माझं पाप तू सांगणार होतीस?"

"तुझं पाप तू सांग. माझा राग आहे तुझ्यावर. तो सांगायचा होता."

मी बाहेर बघितलं. सिग्नलला थांबलो होतो. मग मी मूर्खासारखं म्हटलं, "मग सांगायचं ना आई! मी सांगितलं असतं फादरना."

"सांगितलं असतंस ग. नीट सांगितलं असतंस. म्हणून तर."

घर येईपर्यंत मी तिला समजावत राहिले. मी वाचलं होतं की मोठं पाप मुद्दाम लपवलं तरच कुमसार मोडतं, बारीकसारीक राहिलं तर मोडत नाही. रागासारखी गोष्ट काही मोठी नव्हे.

"लहान की मोठं, तुला काय माहीत?" आई म्हणाली.

तिने स्वतःच पुढचं सांगितलं, अगदी शांतपणे, जसं बस चुकल्याचं सांगावं. "लपवून केलेलं कुमसार ते कुमसार नव्हे. मग दंडमाफी नाही. म्हणजे ते अजून तिथेच, उन्हात."

राग कशाचा, हे मी त्या दिवशी आणि नंतरही विचारलं. पप्पांना माती दिल्यावर मी आठवड्याभरात घराला कुलूप लावलं, ते? त्यांचे कपडे तिला न विचारता वाटून टाकले, ते? विहिरीवरचा पंप विकला? की तिला इथे आणलं तेच? मी एकेक विचारत गेले आणि ती भाजी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला सांगायचं असतं तर तुला सांगितलं असतं. मला फादरला सांगायचंय."

मी शब्द दिला की गुरुकुलातल्या फादरांची वेळ घेते. नंबर मिळवायला वेळ लागला नाही.

नंतर ऑफिसात वार्षिक कामं आली, मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्या काळात माझ्या लक्षात आलं की रविवारी ती कम्युनियनला जात नाही. आमच्या ओळीतली माणसं उठून रांगेत जातात तेव्हा ती बसल्या जागी पाय वळवून त्यांना वाट करून देते, आणि ती माणसं परत आली की पुन्हा पाय वळवते. गावी रोज सकाळी अंधारात उठून मिस्सेला जाणारी बाई. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मी तिच्यासाठी गुडघ्याचे पट्टे मागवले, चांगल्या प्रतीचे. तिने ते घालून पाहिले आणि घडी करून परत माझ्या हातात दिले.

"गुडघे बरे आहेत," ती म्हणाली. "तसलं कुमसार करून देवाला तोंडात घेऊ नये. त्या दिवशी घेतलं, तेच चुकलं."

त्या रविवारी कम्युनियन घेऊन तिच्याशेजारी परत येऊन बसल्यावर मला कळलं की मी पप्पांसाठी काहीतरी मिळवायला निघाले आणि आईकडे जे होतं तेच काढून घेतलं. शेजारच्या बाई विचारतात, अज्जी कम्युनियनला का जात नाहीत. मी सांगते, गुडघे.

दंडमाफीच्या संधी येत राहतात, चर्च त्या बाबतीत उदार आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला एक येते. नोव्हेंबरचे पहिले आठ दिवस तर मृतांसाठीच असतात, दफनभूमीत जाऊन प्रार्थना करायची. त्या दिवसांत आई मला घेऊन इथल्या दफनभूमीत गेली. तिथे आमचं कोणीच पुरलेलं नाही. ती अनोळखी कन्नड आणि तमिळ नावांच्या क्रुसांमधून फिरली, एका जुन्या, फुलं नसलेल्या कबरीपाशी उभी राहून तिने जपमाळ केली. मी विचारलं, "पप्पांसाठी?"

"त्यांच्यासाठी माझी प्रार्थना चालणार नाही आता. याच्यासाठी केली. याच्या घरच्यांनी केली असेल तर ती माझ्या माणसाला लागू दे म्हटलं."

हे कोणत्या नियमात बसतं मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

गुरुकुलातल्या फादरांना मी फोन का केला नाही, याची कारणं माझ्याकडे आहेत आणि ती सगळी खरी आहेत. पण कामाला दिवस नेमून दिला की तो पाळायचा, हा माझा स्वभाव. माझं दुसरं कोणतंही काम इतके महिने पडून राहिलेलं नाही. मी नसलेल्या एका खोलीत आई माझ्याबद्दल मराठीत, पुरी वाक्यं बोलेल, मध्ये कोणी आटोपशीर करणार नाही, आणि ऐकणारा माणूस ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही. या गोष्टीला मी घाबरते. आईला ते कळलेलं असावं. ती आता फोनचं विचारत नाही. त्याबद्दलही तिला राग असेल, तर तोही सांगायच्या गोष्टींत वाढला.

आता पुन्हा मार्च आला आहे. चर्चच्या फाटकावर सणाचा कापडी फलक लागला, नोव्हेना, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली. आई रोज संध्याकाळी जाते आणि मागच्या बाकावर बसते, म्हणजे कोणाला वाट करून द्यावी लागत नाही.

गुरुकुलातले फादर दुपारी जेवणानंतर फोनवर भेटतात असं कळलं आहे. त्यांना फोन करून सणाच्या आधीची वेळ मागायची आहे. आईला तिकडे मी न्यायचं नाही, नवऱ्याने न्यायचं, आणि त्याने बाहेर रिक्षात थांबायचं. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. फोनही केलेला नाही.