पडद्यामागच्या सहा मशिनी

"तू पडद्यामागे बस. मशीन अडली तर चालू कर. पाहुण्यांसमोर यायचं नाही."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजातले विभागप्रमुख सर सगळ्या वर्गासमोर हे म्हणाले. प्रदर्शनाचा दिवस होता. पडद्यामागे माझे सहा जुने संगणक. पुढे टेबलावर नवा कोरा मॉनिटर, आणि शेजारी संस्थाचालकांचा पुतण्या, टाय लावून. फलकावर नाव त्याचं.

माझ्या बाबांचं अकोल्यात भंगाराचं दुकान. त्या वर्षांत कापसाच्या जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या, पतसंस्था बंद पडत होत्या. त्यांचे संगणक आमच्याकडे येत. आलेली वस्तू आधी फोडायची, तांबं वेगळं, पत्रा वेगळा, ही आमची रीत. मी बाबांना म्हटलं, हे फोडू नका. एकीचं दुसरीशी जमत नव्हतं, तरी सहाही मशिनी मी वायरींनी जोडल्या. एकच मोठं गणित त्यांच्यात वाटून दिलं: कपाशीवरची अळी वाऱ्याबरोबर कोणत्या गावाकडे सरकेल. वेगवान मशिनीला जास्त गावं, म्हाताऱ्या मशिनीला थोडी. अळी येणारं गाव मॉनिटरवरच्या नकाशात लाल व्हायचं.

"ए भंगारवाली," पुतण्या पडद्याच्या फटीतून म्हणाला, "तुह्या डब्ब्यायचा आवाज कमी कर ना. हेलिकॉप्टर उडवून राहिली काय?"

पुढच्या पोरी हसल्या. असं हसणं मला इंग्रजी शाळेपासूनचं. दप्तराला गंजाचा वास येतो म्हणून तिथं बाकावर शेजारी कोणी बसत नसे.

मग एक शेतकरी आला. "आमच्या वलगावले येते काय हे अळी?"

पुतण्यानं नकाशावर बोट ठेवलं. "वलगाव पांढरं दिसते ना काका? म्हणजे अळी नाही. फवारनी राहू द्या."

पांढरं म्हणजे अळी नाही, असं नव्हतंच. पांढरं म्हणजे तिथलं उत्तर अजून आलेलं नाही. वलगाव सगळ्यात संथ मशिनीकडे होतं.

मी पडदा सारून बाहेर आले. "काका, थांबा. वलगावचं उत्तर अजून यायचं आहे."

"तुला कोणी बोलावलं? आत जा," सर म्हणाले.

"हे मी बांधलंय. आत नाही जाणार."



"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत, लक्षात ठेव."

शेतकरी जागचा हलला नाही. "बोलू द्या ना सर तिले."

थोड्या वेळानं वलगाव लाल झालं. तो चप्पल घालून तडक गावाकडे निघाला.

सर नंतर म्हणाले, पुतण्याची माफी माग, मार्क देतो. मी मागितली नाही. त्यांनी नापास केलं. वर्ष गेलं.

मशिनी न्यायला बाबा आले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग फोडू काय आता याईले?"

"नाही."

परवा सरांचा निरोप आला. पुन्हा प्रदर्शन आहे. मशिनी पाठव, तू नाही आलीस तरी चालेल.

मशिनी जाणार नाहीत. ज्याला बघायच्या असतील त्यानं आमच्या भंगाराच्या दुकानात यावं. आणि जे विचारायचं ते मला विचारावं.