नंबर घासलेला अॅम्प्लिफायर

आखाडा बाळापूरला बसस्टँडजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाअखेर, उन्हाळ्यात, डोंगरकडा गावची एक बाई पोत्यात गुंडाळलेला अॅम्प्लिफायर घेऊन आली. तिचा नवरा लग्नांत लाउडस्पीकर लावायचा. तो वर्षापूर्वी वारला होता. हा अॅम्प्लिफायर मात्र त्याने घरी गाणी ऐकायला तरुणपणी स्वतः जोडलेला. भाग हैदराबादहून आणलेले.

झाकण काढलं तर प्रत्येक ट्रान्झिस्टरवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेला.

"मावशी, नंबर काहून घासले?"

"दुसऱ्यानं हात लावू नये म्हणून. लई संशयी माणूस."

एका स्पीकरकडचे दोन मोठे ट्रान्झिस्टर जळाले होते. नंबराशिवाय नवे कुठून आणणार? दुसऱ्या बाजूचे चांगले काढून मीटरवर मोजले आणि नांदेडला भंगारात तसेच धुंडाळले. आठ दिवस त्यात गेले.

मिळालेले बसवून एका दुपारी मशीन चालू केलं. टेप, रेडिओ काहीच जोडलेलं नव्हतं. स्पीकरमधून बारीक, विहिरीतून यावा तसा पुरुषाचा आवाज आला. "एक... दोन..."

असली मशीनं कधीकधी रेडिओ स्टेशन पकडतात, म्हणून मी गाणं लागायची वाट पाहिली. गाणं लागलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच, तेवढ्याच अंतराने. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला तरी स्पीकरमधून "एक" आलं, लांबत गेलं आणि बुडालं. कंडेन्सरमध्ये वीज काही क्षण उरते, हे मला ठाऊक होतं. तरी मी प्लग काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिनेच विचारलं, "बोलला का काही?"

"रेडिओ धरून राहिला जरासा."

"गाणं व्हतं का बातम्या?"

मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरू लागलो.

"माईक बघताना ते दोनपर्यंतच मोजायचे," ती म्हणाली. "तीन कधी म्हणले न्हाईत."

मी मशीन पुन्हा लावलं. आवाज आला. ती हलली नाही. मला मात्र सहन होईना. तिला न विचारताच मी बटण बंद केलं आणि आत एक छोटा कंडेन्सर जोडला. त्याने बाहेरचं स्टेशन अडतं. परत चालू केलं, तर सगळं शांत. तिने स्पीकरला कान लावला.

"काय केलं तुमी?"

मी सांगितलं.

"काढा ते."

काढलं. मशीन तसंच चालू ठेवून आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. नुसती घरघर येत राहिली.

"दादा, बंद करा म्हणून मी म्हणलं नव्हतं," ती हळूच बोलली.

अॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. पुढे त्या गावचं कुणी आलं की मी विचारायचो. सगळे एकच सांगायचे, मशीन दिवसभर चालू असतं, पण त्यावर ती गाणं काही लावत नाही.