मोंटानात आलेला फोन

आज पोहे जरा खाली लागले आणि त्या करपट वासानं मला थेट मोंटानातल्या एका सकाळी नेलं.

दोन हजार आठ साल होतं. हे रिटायर झाले होते. अमेरिकेच्या पूर्व टोकाचं हर्नडनचं घर विकून आम्ही दोघं आरव्हीनं, म्हणजे चाकांवरच्या घरानं, पार पश्चिमेच्या रेडमंडला निघालो होतो. तिथे लेकीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर नवं घर घेतलं होतं. मी आरव्हीतल्या शेगडीवर पोहे परतत असताना नेहाचा फोन आला.

"आई, माझा जॉब गेला. दुसरा मिळालाय, पण तिकडे पूर्वेला, बॉस्टनला. तुम्हाला सांगायची हिंमतच होत नव्हती गं."

ती रडायला लागली, म्हणून मीच म्हटलं, "होईल सगळं नीट." पोहे करपत होते, पण गॅस बंद करायचंही मला सुचेना.

ह्यांनी गाडी हायवेपर्यंत आणली आणि विचारलं, "कुठे वळू?"

मागे आमचं काहीच उरलं नव्हतं. "रेडमंडलाच," मी म्हटलं.

तेव्हा नेहाचा फार राग आला होता. आता वाटतं, ती तरी काय करणार होती? पोहोचल्यावर चार दिवस मी आमचं सामान उघडलंच नाही. तिची भांडी खोक्यांत भरत बसले.