मुकुटावरच्या वायरी

यंदा नेट पुरणार का, हा प्रश्न आमच्या काळाचौकीत दरवर्षी गणपतीच्या आधी निघतो. मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी छाती ठोकून सांगतोच, नवीन टॉवर लागलाय, आता काही अडणार नाही. मी ऐकून घेते. आमच्या घरात माळा केला तेव्हा नवराही म्हणाला होता, आता पसारा दिसायचा नाही. दोन वर्षांत माळा भरला आणि पलंगाखालीही सामान गेलं. नेटचंही तेच. जितकं वाढवतात तितके लोक जास्त व्हिडिओ काढतात. विसर्जनाला तर हातात नारळ कमी आणि फोन जास्त.

मला याचा राग यायला कारण आहे. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. नेट मंद झालं की तुम्ही चित्र बंद करून नुसता आवाज ठेवता आणि तुमचं भागतं. तिचं चित्र अडकलं की बोलणंच बंद. तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी 'कॅमेरे बंद करा, लोड येतोय' म्हटलं की मला त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतात.

गेल्या वर्षी तिने मंडळात नाव दिलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीपुढचा दोर धरायचा होता तिला, आजोबांनी आणि बापाने धरला तसा. दुसऱ्याच दिवशी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. माणूस वाईट नाही, पण फटकळ.

"वहिनी, त्या दिवशी नेट बोंबलतं. हिला व्हिडिओ कॉल लागणार नाय. काय झालं तर हिला सांगायचं कसं? प्रसादाच्या टेबलावर बसवूया हिला."

लेक माझ्याकडे बघत होती. मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तिने मान खाली घातली. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"भावोजी, ती दोरच धरणार. जबाबदारी माझी."

"ठीक हाय. पण गडबड झाली ना, तर पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका."

आमचं घर नाक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या चाळीकडे जाणाऱ्या नेटच्या वायरी तिथेच रस्ता ओलांडतात, आणि दरवर्षी त्यात दोन-चारांची भर पडते. मूर्तीचा मुकुट अडकू नये म्हणून पोरं खालून बांबूंनी वायरी उचलतात. पण खालून उंचीचा अंदाज येत नाही. म्हणून एक कार्यकर्ता आमच्या गॅलरीत उभा राहून फोनवर सेक्रेटरींना सांगत असतो, थांबा, अजून वर घ्या, चला आता.

विसर्जनाच्या दुपारी मूर्तीची ट्रॉली नाक्यावर आली आणि त्याचा फोन ठप्प झाला. कॉल लागेना, मेसेज जाईना. तो घसा फोडून ओरडला. ढोल-ताशात शेजारी उभं राहून मलाच ऐकू येईना, तीन मजले खाली कोण ऐकणार? आणि एक जाड वायर बांबूवरून निसटून लोंबत होती, मुकुट सरळ तिच्यावर चालला होता.

तेवढ्यात लेकीने वर पाहिलं. गर्दीत ती दर दोन मिनिटांनी मला शोधते, लहानपणापासूनची सवय. मी दोन्ही हात उंच केले. थांबव. वायर आहे.

तिने दोर बाजूच्या मुलीच्या हातात दिला, धावत जाऊन ट्रॉलीपुढे हात पसरून उभी राहिली. सेक्रेटरी ओरडतच तिच्या अंगावर आले. तिने फक्त बोट वर केलं. त्यांनी वर पाहिलं आणि ट्रॉली थांबवली. मग मी वरून सांगत गेले आणि ती बांबूवाल्यांना हातांनी दाखवत गेली. डावीकडे. अजून वर. आता धरून ठेवा. मुकुट वायरीखालून चार बोटं जागा ठेवून निघाला.

"काकू, रेंज आली वाटतं," गॅलरीतला कार्यकर्ता म्हणाला.

"आता खिशात ठेव ती," मी म्हटलं.

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. एवढी माणसं, एवढे फोन, आणि त्या नाक्यावर एकमेकींशी बोलू शकत होतो त्या आम्ही दोघीच. ही माझी पोर आहे, असं मला साऱ्या रस्त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

टॉवरचं टॉवरवाले बघतील. आमच्या मंडळात यंदा पहिल्याच मीटिंगला ठरलं की दोराजवळच्या सगळ्यांनी खुणा शिकायच्या, आणि शिकवणार माझी लेक. पहिल्या दिवशी सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'माफ कर' कसं म्हणायचं. मी दाखवलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर तिला म्हटलं, घाईघाईत, कसंबसं.

तिने मान हलवली. काही कळलं नाही, स्पष्ट बोला, असं तिने हातांनी सांगितलं. भावोजी माझ्याकडे बघायला लागले. मी मध्ये पडले नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, तिच्या डोळ्यांत बघून.