आधी पाय मोजा

"आधी पाय मोजा, वैनी," असं म्हणत शेजारचे भाऊजी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात द्यायचे. किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. जाळं विणणारा कोळी नव्हे, सुईच्या टोकाहून बारीक असे त्याचे भाऊबंद.

अकोल्याच्या एका शेतकी प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसल्या. मग वरूडकडे, आमच्या शेजारी राहायला आले. कोणी 'सायेब' म्हणून चिडवलं की म्हणत, "सायेब लोक पाहेत, मी पुसो. पण पुसायच्या आधी मीबी पाहून घेवो."

मी चौथी शिकलेली. मोजता येतं मला. संत्र्याच्या पानावर एकाचे मोजले, सहा भरले.

"पिल्लू हाय ते. पिल्लाले सहाच."

मग फळाची साल तांबूस करणारा लाल्याचा कोळी दाखवला. त्याला चारच!

"मंग मोजायचे कावून?" मी म्हटलं.

मृगाचा मखमली लाल किडा तुम्हीही लहानपणी आगपेटीत ठेवला असेल. तोही यांच्यातलाच म्हणे. गोचीडही. काही पालापाचोळ्याची माती करतात, काही गादीत राहतात, काही आपल्या पापण्यांत. त्या दिवशी मी दोनदा तोंड धुतलं.

"मंग मारायचं कोणाले?"

"धावते त्याले मारू नका. ते बसलेल्याले खाते."

एवढं तरी समजलं असं वाटलं होतं. पण गेल्या साली ते अकोल्याला दवाखान्यात होते आणि माझ्या डोक्यात उलटसुलट झालं. धावणारं चांगलं की बसलेलं? पानावर भराभरा धावणारे दिसले, मी घाबरले, जहाल औषध फवारलं. धावणारे मेले. महिन्याभरात सगळ्या बहारावर लाल्या पसरला. व्यापारी बांधावरूनच परतला.

ते आले, एक तांबूस संत्रं सोलून खाल्लं. "आतून गोडच हाय, वैनी."

"तुमच्या तोंडाले गोड! व्यापारी साल पायते."

ते झाडाखालच्या दगडावर बसून दुपारभर पानं उलटत राहिले. शेवटी ओरडले, "धावणारं एक वाचलं!"

यंदा पोळ्याच्या आधी ते गेले. त्यांच्या बायकोनं भिंग आणून दिलं. "मले त्यातलं काई समजत नाई, बाई." मला तरी कुठे समजतं?

आज सून पाठीवर पंप घेऊन उभी. काही फळांवर पुन्हा तांबूस डाग आहेत.

"फवारू का, आई?"

मी पानावर भिंग धरलं. माझा हात थरथरतो. बसलेलं, धावणारं, सगळंच धावताना दिसायला लागलं.

"थांब."

ते बसायचे त्या दगडावर पान ठेवलं. भिंग दोन्ही हातांनी दगडाला टेकवून धरलं. ठिपके जागच्या जागी बसले. पाय काही मोजता आले नाहीत. पण त्यांतला एक ठिपका निघाला, थेट पानाच्या शिरेपर्यंत धावत गेला.

सुनेला म्हटलं, "उतरव तो पंप."