मातीचं तापमान

पाइपलाइनच्या कचेरीत नोकरी करते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे पाणीपुरवठा का? पाणी नाही. आमच्या पाइपातून पेट्रोल आणि डिझेल जातं. केळीच्या बागांच्या कडेनं, कपाशीच्या वावरांखालून, वर नांगर फिरवणाऱ्याला पत्ताही न लागता जातं. जळगावजवळच्या आमच्या स्टेशनात ते येतं, तिथून पुढं धुळ्याकडे जातं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा हिशेब वरच्या कचेरीला द्यावा लागतो. सुरुवातीला किती होतं, किती आलं, किती दिलं, शेवटी किती उरलं. हे पत्रक भरण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं आणि मी ते आवडीनं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्या कामाबद्दल बरंच काही बोललं गेलं.

टाकीतलं तेल मोजणं सोपं. वजन लावलेली फीत टाकीत सोडायची, ओली खूण कुठवर आली ते बघायचं. खरी गोम पाइपात असते. मैलोन् मैल लांब पाइप, त्याच्या पोटात कायम तेल भरलेलं, आणि तिथं काही फीत सोडता येत नाही. ते गणितानंच काढावं लागतं. तेल उष्णतेनं फुगतं आणि थंडीनं आकसतं, म्हणून सगळा हिशेब एका ठरावीक तापमानावर आणून करतात. पाइपाभोवतीची माती जितकी गरम, तितकं आतलं तेल हिशेबात कमी भरतं. माती थंड दाखवली की तेवढाच पाइप जास्त तेल दाखवतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल. मला तर ते तोंडपाठ होतं, तरी कळलं नाही.

मातीचं तापमान मला भाऊ सांगायचे.

भाऊ माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. जळगाव ते धुळे हा पाइपाचा पट्टा त्यांच्या ताब्यात होता, बसायचे ते धुळ्याच्या कचेरीत, वयानं ते माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, आणि सगळं स्टेशन त्यांना भाऊच म्हणायचं. जमिनीत पुरलेले दोन तापमापक होते. त्यातला एक कायमचा बंद पडलेला आणि दुसरा त्यांच्या पट्ट्यातल्या एका कुलूपबंद कोठडीत. एक तारखेला सकाळी त्यांचा फोन यायचा. "काय माय, काय करी ऱ्हायनी? लिखी ले. सत्तावीस." खानदेशात लेकीबाळींना माय म्हणतात. मी सत्तावीस लिहायची. कधी सव्वीस, कधी पंचवीस. सत्तावीसच्या वर आकडा कधी गेलाच नाही. एकदा वैशाखात मी विचारलंही, "भाऊ, इथं खुर्चीचं लोखंड पोळतंय, आणि माती सत्तावीसच?" तर हसले. म्हणाले, "तू माठाखालनी वाळू पाही नही का कधी? वर कितीबी तापू दे, खाल गारच ऱ्हास." मला पटलं. न पटायला काय झालं होतं?

कारण त्या माणसानं मला शिकवलं होतं. नोकरी लागल्यावर माझं पहिलंच पत्रक जुळेना. आलेलं आणि दिलेलं यांत फरक पडत होता आणि मी घाबरून गेले होते. तेव्हा भाऊ सुटीच्या दिवशी धुळ्याहून मोटरसायकलवर आले, शेजारी खुर्ची ओढून बसले, डब्यातली अर्धी भाकरी मला दिली आणि फरक कुठं पडतोय ते बोट ठेवून दाखवलं. पुढं माझं लग्न ठरलं. मामा आधीच गेलेला. बोहल्यावर मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ती जागा रिकामी कशी ठेवायची म्हणून आई रडत होती. भाऊ नवी टोपी घालून माझ्या पाठीशी उभे राहिले. त्या दिवसापासून रावेरला आमच्या घरी त्यांना मान होता. दर हिवाळ्यात भरीत खायला यायचे, आणि जाताना आई त्यांच्या गाडीला केळीचा घड बांधून द्यायची, चांगला निवडून.

अखजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. मी कचेरीच्या जीपनं धुळ्याला एका प्रशिक्षणाला निघाले होते. पारोळ्याच्या पुढं एका वावरात आमच्या पाइपाचं वेष्टन दुरुस्त करायचं काम चालू होतं. पाइप उघडा करून लांबलचक चर खणलेला. ड्रायव्हरला तिथल्या माणसांना काही सामान द्यायचं होतं म्हणून तो थांबला. उन्हाचा नुसता भडका. आजूबाजूला झाड म्हणून नाही, सावली म्हणाल तर चराच्या भिंतीची तेवढी. मी सरळ चरात उतरले. भिंतीला टेकले, आणि हात मातीला लागला. माती गार लागली नाही.

मी पुन्हा हात लावला. पाइपाच्या पातळीला, सावलीतल्या बाजूला, नुकत्याच खणलेल्या ओलसर जागी. तिथंही कोमट. वेष्टन लावणाऱ्या माणसांकडे तापमापक असतोच. मी तो मागून घेतला आणि मातीत खोल खुपसून धरला. काटा चौतिसावर जाऊन थांबला. दुसऱ्या जागी खुपसला, तिथंही तेच. आणि त्याच आठवड्यात भाऊंनी मला सत्तावीस सांगितलं होतं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते, म्हणजे मी किती भोळसट होते ते कळेल. मला वाटलं, भाऊंचा तापमापक बिघडला असणार. बिचाऱ्यांना ठाऊकही नसेल. आता ते अडचणीत येतील. मला त्यांची काळजी लागली.

धुळ्याला पोचले ती प्रशिक्षण सोडून आधी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी दार लोटलं. मी चराची गोष्ट सांगितली. सांगता सांगता माझं मलाच उमगत गेलं. इतक्या वर्षांची पत्रकं चुकलेली, सगळी माझ्या नावानं कॉम्प्युटरात भरलेली. सात अंशांचा फरक म्हणजे किती तेल, याचा आकडा माझ्या डोक्यात आपोआप तयार होत होता. जे तेल पाइपात नव्हतंच ते मी महिन्यामागून महिने तिथं आहे म्हणून सांगत आले होते. मला रडू फुटलं. भाऊंनी पाण्याचा पेला पुढं केला, डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको माय. बठ्ठं पाहाले मी शे ना. तू कोनले काई सांगू नको. मी वर बोलसू."

सगळं बघायला भाऊ आहेत, वर तेच बोलतील, म्हणून मी हलकी होऊन परत आले. अखजीला माहेरी गेले, झोक्यावर बसून बायकांबरोबर गाणी म्हटली, आंब्याचा रस ओरपला. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मी झोके घेत होते तेव्हा तिकडे भाऊ वर बोलत होते. बोलतो म्हणाले होते, बोलले. शब्दाचे पक्के!

सणाहून आले तर टेबलावर नोटीस. मासिक पत्रकातली मातीची तापमानं वस्तुस्थितीला धरून नाहीत, ही बाब पट्ट्याच्या जबाबदार अधिकाऱ्यांनी दक्षतेनं निदर्शनास आणून दिली आहे, तरी आपण खुलासा करावा. मी ते दोनदा वाचलं. जबाबदार अधिकारी म्हणजे कोण, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी भाऊंना फोन केला. उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा फोन उचलला नाही.

मग मी पुरावा शोधायला बसले. खुलाशात लिहिणार होते की आकडे ह्यांनी दिले, हे बघा. फोन उघडला आणि त्यांचे सगळे निरोप मागं मागं नेत गेले. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. दिवाळीचा दिवा. गणपती. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला केकचं चित्र, खाली 'मामाकडून आशीर्वाद'. बायकांवरचे पांचट विनोद. इतकी फुलं की एक बाग झाली असती. आणि त्यात तापमान एकदाही नाही. एकही आकडा नाही. एकदा मीच लिहिलं होतं, 'भाऊ, बसमध्ये आहे, ऐकू येत नाही, तापमान इथंच टाका.' त्याला उत्तर नव्हतं. मला आठवलं, तेव्हा त्यांनी फोनवर फोन केले होते, मी बसमधून उतरून उचलेपर्यंत.

तिथं मला कळलं. एखाद्या कठीण प्रसंगी घाबरून माणूस हात झटकतो, ते मी समजू शकले असते, कदाचित माफही केलं असतं. पण ह्या माणसानं पहिल्या महिन्यापासून हा दिवस येणार हे धरून ठेवलं होतं. रोज फूल पाठवताना धरलं होतं. माझ्या पाठीशी टोपी घालून उभं राहताना धरलं होतं का, ते मला माहीत नाही, आणि तेच मला झोपू देत नाही. केसानं गळा कापला म्हणतात. आणि मान मी स्वतःच पुढं केली होती.

चौकशी धुळ्याच्या कचेरीत झाली. वरच्या कचेरीतून एक साहेब आले होते, शांत, कंटाळलेले. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून समोर बसले होते.

साहेबांनी मला विचारलं, "तापमानाचा आकडा तुम्हाला कोण देत होतं?"

"भाऊ," मी म्हटलं.

"भाऊ कोण?"

मी हात करून दाखवलं. भाऊ खाकरले. आणि ज्या तोंडानं मला इतकी वर्षं माय म्हटलं, त्या तोंडानं स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "मॅडम अतिशय मेहनती आहेत. त्यांचा हेतू वाईट नसणार. पण तापमान मी सांगत होतो, असं मला काही आठवत नाही. माझ्याकडून काही लेखी गेलं असेल, तर त्यांनी जरूर दाखवावं."

लेखी म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर अगदी मायेची होती. मला ओरडावंसं वाटलं, टेबलावरची पाण्याची बाटली उचलून फेकावीशी वाटली. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, एकदा खरं बोला." ते मान खाली घालून बसले, जणू माझीच त्यांना लाज वाटत होती. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ते नसलेलं तेल गेलं कुठं, हे मला आजही ठाऊक नाही. कुणी म्हणतं जुनं मीटर जास्त दाखवायचं, कुणी म्हणतं वावरात पाइपाला भोक पाडलं होतं. त्याची चौकशी वेगळी चालू आहे म्हणे. माझ्यापुरता निकाल लागला. मला लेखी ताकीद मिळाली आणि पत्रकाचं काम काढून घेतलं. आता मी टँकरच्या फाटकावर बसते, सील तपासते, बाहेर सोडते. भाऊंच्या दक्षतेची दखल घेतली गेली. तरी मी मनाशी म्हटलं, कचेरी गेली खड्ड्यात, आपली माणसं तर आपल्याला ओळखतात.

पावसाळा लागल्यावर एका रविवारी रावेरला गेले. आईला अजून काही सांगितलं नव्हतं. तिला ताप नको म्हणून. घरात शिरले तर चुलीवर खापर चढवलेलं आणि आई हातावर मांडे लांबवत बसलेली. मांडे ती कुणासाठीही करत नाही, आता तिचे खांदे दुखतात.

"कोण येणारंय?" मी विचारलं.

"भाऊ येऊन राह्यले. मीनंच बोलावलं." आईनं मांडा खापरावर टाकला. "बठ्ठं सांगतलं त्यायनं मले फोनवर. तुले नोकरीवरून काढत व्हते. त्यायनं साहेबाले हात जोडले म्हनून वाचली तू. अन तू मले एका शब्दानं बोलली नही. आज पाया पड त्यायच्या."

मी तिथंच चुलीपुढं बसले आणि तिला सगळं सांगितलं. फोनवरचा सत्तावीस, चरातली माती, नोटीस, साहेबांपुढचं बोलणं. माझी आई शाळा फारशी शिकलेली नाही, पण तिला माती कळते, उन्हाळ्यात जमीन किती तापते ते तिला मी सांगायला नको. ती ऐकत होती. मधे मांडा उलटायचंही विसरली. मला वाटलं, समजतंय हिला.

मग तिनं विचारलं, "तू त्यायच्या म्होरे रडली व्हती का नही?"

"रडले होते."

"त्यायनं तेच सांगतलं मले. पोरगी माह्याजवळ येऊन रडली, चूक कबूल केली." करपलेला मांडा तिनं बाजूला काढून ठेवला. "चूक नही त मानूस रडते कायले, माय?"

मी तोंड उघडलं. बाहेर मोटरसायकल थांबली. आईनं हात पुसले, पदर नीट केला, आणि माझ्या शेजारून पुढं होऊन दारात गेली.

"या भाऊ," ती म्हणाली. "पोरगीबी आलेली हे."