केबलमध्ये शिरलेलं गेट

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्यात आमच्या घराला कॅमेरा बसला तेव्हा आळीत तशी वस्तू दुसरी नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. दारावर पहारा नाही, ही गोष्ट त्यांना पटतच नसे. कॅमेरा त्यांच्या पलटणीतल्या दोस्तानं मुंबईहून पाठवला होता. रेकॉर्डिंगला घरचाच व्हीसीआर. जोडणी माझ्याकडे आली, कारण इंग्रजी माहितीपत्रक वाचणारी घरात मी एकटी, माहेरी माधवनगरला बी.एस्सी. झालेली. त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू.

सलग तीन संध्याकाळी व्हीसीआरच्या पाठीमागचा बारका स्क्रू फिरवत बसले, तेव्हा कुठं टीव्हीच्या नऊ नंबरच्या चॅनेलवर आमचं गेट उमटलं. मग मामंजी म्हणाले, वरच्या खोलीतल्या टीव्हीवरही दिसलं पाहिजे. त्यात काय एवढं! केबल जिथून दोन्ही टीव्हींना फुटत होती, तिथंच मी व्हीसीआरची वायर खुपसली. वर-खाली दोन्हीकडे चित्र आलं. मामंजी शाबास म्हणाले, आणि ते सहसा कुणाला शाबास म्हणत नसत.

रोज सकाळी ते गेटजवळ स्टूल टाकायचे, गेटच्या खांबाला आरसा अडकवायचे आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून दाढी करायचे. मागच्या बोळात त्यांचे थोरले भाऊ राहत. शेतातल्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं अकरा वर्षांपूर्वी फाटलं होतं. लग्नकार्यातही एका पंगतीला बसत नसत. दोघं सत्तरी ओलांडलेले. एकाला काही झालं की दुसरा जन्मभर रडत बसणार, हे आम्हाला दिसत होतं, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. मला दोघांचाही मनस्वी राग यायचा.

महिन्याभरानं मागच्या बोळातली एक बाई भाजी घेताना मला म्हणाली, काल गेटजवळ ठेवलेल्या तुमच्या दुधाच्या पातेल्यात मांजरानं तोंड घातलं, त्याचाच चहा केलास का गं? मी चाट पडले. तिच्या घरातून आमचं गेट दिसतच नाही. विचारलं तर हसत सुटली. मी खुपसलेल्या वायरीतून आमचं गेट उलटं केबलमध्ये शिरलं होतं आणि आसपासच्या पाच-सहा घरांत दिवसभर चालू होतं. चित्रात मुंग्या असायच्या, पण माणूस ओळखू यायचा. महिनाभर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. फुकटची करमणूक कोण बंद करेल! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामंजींना सांगितलं. त्यांनी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं माझी अक्कल काढली, वायर उपटली आणि चित्र फक्त आमच्या खालच्या टीव्हीवर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी तोंडाला साबण फासून बसले होते. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. गेटची कडी वाजली आणि थोरले मामंजी काठी टेकत आत आले. पायात चप्पल नव्हती.

"दोन दिस झालं, टीवीवर दिसला न्हाईस," ते म्हणाले. "बरा हाईस न्हवं?"

मामंजींनी वस्तरा खाली ठेवला.

"बरा हाय की. बस."

दुसरं स्टूल मी आणलं. चहा झाला. विहिरीचा विषय कुणी काढला नाही, खरं तर कुठलाच विषय फारसा निघाला नाही. दोघं पावसापाण्याचे चार शब्द बोलले आणि थोरले उठून गेले. मामंजींनी उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"ती वायर हुती तशी जोड."

साऱ्या बोळाला दिसेल, असं मी म्हटलं.

"दिसू दे."

मी वायर जोडली. दुसऱ्या दिवशी मामंजींनी आरसा गेटच्या खांबावरून काढला, घराच्या भिंतीला बरोबर कॅमेऱ्याखाली टांगला आणि तिकडे तोंड करून दाढीला बसले.